टांग्याची पुढची बैठक

माझं इंग्रजी ऐकून लोक आजही एकमेकांकडे बघतात. बँकेतला पोरगा बघतो, नातवाच्या शाळेतल्या बाई बघतात, आणि पुण्याकडच्या माझ्या विहीणबाई तर तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. आता ह्या वयात मी ते सुधारणार नाही, आणि तरुणपणी सुधारलं नाही ते काही जमत नव्हतं म्हणून नाही. मला ते तसंच हवं होतं. मी ते जालन्याच्या रस्त्यांवर, एका घोडीच्या दोन कानांमधून समोर बघत शिकले, आणि ज्यांनी शिकवलं त्यांना ए बी सी डी लिहिता येत नव्हती.

आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कचेरीत कारकून होते. निजामाच्या राज्यात सगळं दफ्तर उर्दूत चालायचं आणि अण्णांचं उर्दू अक्षर इतकं देखणं होतं, की तहसीलदार स्वतःच्या घरची पत्रंही त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. मग पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि उर्दू फायली एकेक करून कपाटात गेल्या. मराठी आली, तिच्या डोक्यावर इंग्रजी आली. अण्णांना कोणी कामावरून काढलं नाही. फक्त त्यांचं टेबल खिडकीपाशी होतं ते उचलून मागच्या भिंतीला लावलं. घरी ते त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मी तेव्हा दहा वर्षांची होते. मला एवढंच दिसलं, की रविवारी सकाळी बोरू तासत बसायची त्यांची सवय सुटली.

शाळेत इंग्रजी आलं ते असं: मास्तर धडा वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, आम्ही तो उतरवून घ्यायचो आणि पाठ करायचो. इतक्या वर्षांत मास्तरांनी आमच्याशी इंग्रजीत एक वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. आमच्या तोंडून एखादं निघेल ही भीती त्यांनाही होती आणि आम्हालाही.

शाळा कुंडलिकेच्या पलीकडे होती. आमच्या आळीतल्या आम्ही चार मुली एका टांग्याने जायचो. टांगेवाले चाचा साठी उलटलेले होते, दाढी पांढरी, पण बसणं असं ताठ की बघणाऱ्यानेही आपली पाठ सरळ करावी. टांग्यात बायकांनी मागच्या बैठकीवर बसायचं, तोंड मागे करून, पडदा सोडून. पुढे टांगेवाल्याच्या शेजारी बसायचे ते पुरुष. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण जालन्यात तो मोडलेला मी पाहिला नव्हता. त्यामुळे शाळेचा रस्ता मला सात वर्षं फक्त लांब जाताना माहीत होता.

एकेका मुलीचं लग्न होत गेलं, आणि मॅट्रिकच्या आदल्या वर्षी टांग्यात मी एकटी उरले. गप्पा मारायला कोणी नाही, म्हणून मग ऐकायला लागले. पुलाच्या चढावर घोडी अडली की चाचा तिला काहीतरी म्हणायचे. एक दिवस कान देऊन ऐकलं. "स्टेडी, ओल्ड गर्ल, स्टेडी." हळू बाई, हळू. आमच्या मास्तरांच्या इंग्रजीत असं मऊ काही नव्हतं.

"चाचा, तुम्हाला इंग्रजी येतं?" मी पडद्यातून विचारलं.

"हौ बेटी. थोडाच आता. घोड्यों का आता." म्हणजे घोड्यांशी बोलण्यापुरतं येतं.

मग हळूहळू कळलं. चाचा निजामाच्या घोडदळात स्वार होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा रिसाला जहाजातून मिसर देशाला गेला आणि तिथल्या वाळवंटात ऑस्ट्रेलियाच्या स्वारांशेजारी त्यांची छावणी पडली. निजामाच्या घोडदळाचे घोडेही ऑस्ट्रेलियातूनच यायचे. घोडे एका गावचे निघाले म्हणून माणसं बोलायला लागली. चाचांच्या रिसाल्यावर इंग्रज अंमलदार होते, पण ते फक्त हुकूम सोडायचे. "हुकूम सुननेकू जबान नै लगती बेटी," चाचा म्हणाले, "कान लगता."

"मलाही शिकवा," मी म्हटलं.

"सिकातूं. मगर सामने आके बैठना पडता."

मला वाटलं चेष्टा करतात. पण ते गंभीर होते. ऑस्ट्रेलियाच्या लोकांत रीतच तशी होती म्हणे. गाडी हाकणाऱ्याच्या शेजारी बसायचं. एकट्याने मागे जाऊन बसणारा माणूस स्वतःला लाटसाहेब समजतो असं ते मानत, आणि मग त्याच्याशी कोणी बोलत नसे. त्यांचे अंमलदारसुद्धा खेचरगाडीत गाडीवानाला खेटून बसायचे. "पिच्छे बैठे सो आदमी से मैं क्या बात करूं?" चाचा म्हणाले. शिवाय चाकांच्या खडखडाटात मागचं पुढे नीट ऐकूही येत नसे.

दोन दिवस मी मागेच बसले. तिसऱ्या दिवशी पूल ओलांडल्यावर म्हटलं, चाचा थांबवा. खाली उतरले, दप्तर मागे टाकलं आणि पुढे चढले. रस्ता समोरून माझ्याकडे येताना पाहिला आणि इतकी वर्षं मी मागे का बसले याचा मला संताप आला.

शिकवणं म्हणजे नुसतं बोलणं. पाटी नाही, पुस्तक नाही. सकाळी "गुड्डे" म्हणायचं, म्हणजे गुड डे, आपला नमस्कारच, पण तो तहसीलदाराला आणि झाडूवाल्याला एकाच आवाजात घालायचा. सर म्हणायचं नाही. चुकलं तर माफी मागायची नाही, पुढचं वाक्य बोलायचं. जेवणाला टकर, माणसाला ब्लोक, दोस्ताला मेट, तब्येत बरी नसली की क्रुक, आणि अगदी बरोबर म्हणायचं झालं की टू राइट. ह्यातलं एकही मास्तरांच्या पुस्तकात नव्हतं. मी खूश होते. कारण हे शब्द पाठ करावे लागत नव्हते, रस्त्यात समोर येईल त्यावर लावून टाकता येत होते. कचेरीचा जमादार क्रुक दिसतो. त्या म्हशीला टकर हवंय.

एक शब्द मात्र त्यांनी गोष्ट सांगून शिकवला. वाळवंटातली एकच विहीर, दिवसभराचे तहानलेले घोडे. चाचा आपला घोडा घेऊन रांगेत उभे होते. मागून एका कप्तानाचा घोडा आला आणि नोकर म्हणाला, साहेबाचा घोडा आधी. विहिरीवर बादली ओढणारा ऑस्ट्रेलियन शिपाई म्हणाला, "फेअर गो." ज्याची पाळी त्याला मिळू दे. आणि त्याने बादली चाचांच्या घोड्यापुढे ठेवली. चाचा हे सांगताना दरवेळी लगाम डाव्या हातात घ्यायचे आणि उजव्या हाताने बादली ठेवून दाखवायचे.

शाळेपाशी पोचलो आणि वेळ असला की ते चहा करायचे. दुधाच्या भुकटीचा रिकामा डबा, त्याला तारेची कडी. तीन दगडांत जाळ, डब्यात पाणी, उकळल्यावर चहाची पत्ती. मग डबा कडीला धरून हात सरळ ठेवून डोक्यावरून गरगर दोन फेरे. थेंब सांडत नसे, पत्ती सगळी तळाला बसायची. हीही त्या लोकांचीच तऱ्हा. आमच्या घरात मुसलमानाच्या हातचं पाणी चालत नव्हतं. मी चहा प्यायले. पहिल्या दिवशी झाकणातला चहा पुढे करताना चाचा म्हणाले, "घर में बोल देना बेटी. चोरी की चाय अच्छी नै लगती." मी घरी बोलले नाही. तेवढी माझी हिंमत झाली नव्हती.

बोलायची गरजही पडली नाही. पंधरा दिवसांत गावाने अण्णांच्या कानावर घातलं.

"काय ऐकून राह्यलो मी?" अण्णा त्या संध्याकाळी टोपीसुद्धा न काढता म्हणाले. "तू टांग्यात पुढं बसून राह्यली म्हणं? त्या म्हाताऱ्याच्या बाजूला?"

"हो. इंग्रजी शिकून राह्यले."

"रझाकारांचे दिवस विसरली काय? लोकांच्या जखमा ओल्या हायेत अजून. अन् तू मुसलमानाच्या बाजूला बसून गावातून मिरवते?"

"चाचांनी कोणाला काय केलंय? आणि तुम्ही तर जन्मभर उर्दू लिहिली, अण्णा."

माझ्या घरात मी पहिल्यांदा उलट बोलले ते हे. अण्णांचा चेहरा पडला, पण ते मागे हटले नाहीत. "टांगा बंद," म्हणाले. "बिलकुल बंद."

ठीक आहे. दुसऱ्या दिवशी मी चालत निघाले. नेहमीच्या वळणावर चाचा टांगा घेऊन उभे होते. मी मान हलवून नाही म्हटलं आणि चालत राहिले. रिकामा टांगा माझ्या चालीने शेजारून हाकत ते पुलापर्यंत आले, आणि धडा मात्र थांबला नाही. जवळ बसून जे हळू बोलायचं ते आता रस्त्यावरून ओरडून बोलावं लागत होतं. "हाऊज द टकर, मेट?" ते वरून विचारायचे. "टू राइट, चाचा!" मी खालून. चार दिवसांत दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर यायला लागले. पाचव्या दिवशी अण्णा म्हणाले, "बस बाई टांग्यात. पण मागं बस." मी टांग्यात बसले. पुढे बसले. अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि माझ्याशी बोलणंही निम्म्यावर आणलं.

मॅट्रिक झाले. नदीपलीकडे टायपिंगचा वर्ग लावला, खरं कारण टांगाच होता. तेवढ्यात परतूरहून स्थळ आलं. कापसाच्या आडतीचं घर, मुलगा बिजवर, पहिलीची दोन लेकरं. अण्णांना पसंत होतं. मला तिथे जायचं नव्हतं. त्या घरात मी मागच्या खोलीत जन्म काढणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्याच महिन्यात टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरच्या जागा निघाल्या. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, बाहेरगावचे फोन वाढले होते, आणि इंग्रजी बोलता येणारं माणूस हवं होतं. मी अर्ज भरला आणि अण्णांपुढे उभी राहिले.

"जा," ते म्हणाले. "परीक्षा दे. पास झालीस तर नोकरी कर. न्हाई झालीस तर फाल्गुनात परतूर. मंग एक शब्द बोलायचा न्हाई." त्यांचा आवाज इतका निवांत होता, की मी पास होणार नाही याची त्यांना खात्री आहे हे मला कळलं. आई तेवढ्यात जांबला जाऊन रामरायापुढे साकडं घालून आली. लग्नासाठी घातलं का नोकरीसाठी, ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.

मुलाखतीला मुंबईकडचे एक साहेब आले होते. मोठं टेबल, पलीकडे ते, अलीकडे खुर्ची. मी बसले. त्यांनी इंग्रजीत नाव विचारलं. मी तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. वडील काय करतात विचारलं. तेही सांगता येईना. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला उमगलं, की दोन वर्षांत मी इंग्रजी कधी कोणाच्या तोंडाकडे बघून बोललेच नव्हते. चाचा शेजारी, नजर समोर, घोडीच्या कानांवर. हा माणूस समोर बसला होता आणि त्याचे डोळे माझ्यावर होते. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मला परतूरची ती मागची खोली दिसली.

मी उठले, खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि साहेबांच्या शेजारी ठेवून तिच्यावर बसले. आता आम्हा दोघांच्या समोर दार होतं आणि दारात शिपाई, आ वासून उभा. "गुड्डे," मी दाराकडे बघत म्हटलं. मग मी थांबलेच नाही. माझं नाव, गाव, नदी, शाळा. माझे वडील गुड ब्लोक आहेत, उर्दू फार सुंदर लिहितात, पण त्यांचं टेबल भिंतीला लावल्यापासून मनाने क्रुक आहेत. हे मी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. इंग्रजीत सांगून टाकलं.

"हे इंग्रजी कुठे शिकलात?" साहेबांनी विचारलं. "तबेल्यात?"

"टू राइट," मी म्हटलं. "टांग्यात. पुढच्या बैठकीवर."

"खुर्ची जागेवर ठेवा आणि जा."

"फेअर गो, मेट," मी म्हटलं. "मला टेलिफोनच्या बोर्डावर बसवून बघा, मग घालवा." सरकारी साहेबाला मी दोस्त म्हटलं होतं हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

साहेब लाल झाले. पण चिडून म्हणा, अद्दल घडवायला म्हणा, त्यांनी मला पलीकडच्या खोलीत नेलं. तिथे दोन ऑपरेटर शेजारी शेजारी बसले होते, दोघांची तोंडं भिंतीकडे. मला हसूच आलं. इथे कोणी कोणाच्या तोंडाकडे बघतच नव्हतं! कानाला यंत्र लावलं तर पलीकडे कुठल्याशा कापसाच्या प्रेसचा मॅनेजर इंग्रजीत बोंबलत होता, त्याचा मुंबईचा फोन तुटला होता. एकाच वेळी शिव्या, नंबर आणि देवाचं नाव. मी पुलाच्या चढावरचा आवाज लावला. "स्टेडी, मेट. स्टेडी. से इट स्लो." पलीकडच्या शिव्या थांबल्या. मग त्याने नंबर सांगितला, हळू, एकेक आकडा. शेजारच्या ऑपरेटरने तार जोडून दिली. साहेब माझ्या पाठीमागे काहीतरी लिहीत होते.

महिन्याभराने पत्र आलं. माझी निवड झाली होती. सोबत एक कागद होता, अविवाहित मुलीच्या पालकाने संमतीची सही करायचा. अण्णांनी तो चार दिवस दौतीखाली दाबून ठेवला. पाचव्या दिवशी मी विचारलं.

"परतूरवाल्यांना शब्द देऊन बसलोय," ते म्हणाले.

"मला बी दिल्ता की शब्द."

"तू पास व्हशील असं वाटलं न्हवतं मला." निदान खरं बोलले. मग म्हणाले, "एका अटीवर सही करतो. टांगा बंद. मी सोतः पायी सोडत जाईन तुला."

नोकरी समोर होती. हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण ज्या बैठकीवर बसून मी ही नोकरी मिळवली, तिची लाज बाळगून तिथे जायचं मला मान्य नव्हतं. "अण्णा," मी म्हटलं, "तुमची भाषा सरकारने तुमच्या हातातून काढून घेतली. तुम्हाला किती लागलं ते मी आठ वर्षं बघून राह्यले. माझी भाषा मला चाचांनी शेजारी बसवून दिली. ती तुम्ही काढून घेऊ नका. सही नसली तर नसू द्या, पण मी मागं बसणार न्हाई."

अण्णांनी टोपी उचलली. न जेवता कचेरीत गेले. आई म्हणाली, "काय बोललीस गं हे." मीही दिवसभर जेवले नाही. मला वाईट वाटत होतं, पण बोललेलं मागे घ्यावं असं वाटत नव्हतं.

रुजू व्हायच्या दिवशी सकाळी तो कागद माझ्या डब्यावर ठेवलेला होता. सही होती. उर्दूत, ते जुनं देखणं वळण. "ऑफिसात कोणी विचारलं तर?" मी म्हटलं.

"सांग, बापाला एवढीच येती."

अण्णा कोट घालून, टोपी घालून तयार होते. त्यांची कचेरी अगदी उलट दिशेला. तरी माझ्या मागोमाग आळीच्या तोंडाशी आले. चाचा टांगा घेऊन उभे होते. अण्णांना पाहून ते खाली उतरले आणि सलाम केला. दोघं एकमेकांशी कधी बोललेले नव्हते.

"खाँसाहब," अण्णा त्यांच्या त्या कचेरीतल्या स्वच्छ उर्दूत म्हणाले, "पीछे जगह है?"

"हुजूर, सामने आइए ना."

"नहीं. सामने इसकी जगह है."

अण्णा मागच्या बैठकीवर चढले, तोंड मागे करून बसले, आणि बायकांसाठी असलेला तो पडदा गुंडाळून वर बांधून टाकला. मी पुढे बसले. चाचांनी घोडीला इशारा केला. पुलावर, पेठेत, मोंढ्याशी लोक नेहमीप्रमाणे टांगा पुढे गेला की वळून बघत होते. आणि वळून बघणाऱ्या प्रत्येकाला आज आधी अण्णा दिसत होते. "रामराम," अण्णा मोठ्याने म्हणत. "रामराम. लेक कामाला निघालीय." बघणाऱ्याला नाइलाजाने हात जोडावे लागत. मला अण्णांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता, टेलिफोन ऑफिस येईपर्यंत. मी पुढे बघत होते.